चार रेघा, चोवीस ठिपके

पितरांची वाडी ठेवून पाऊण तास होऊन गेला, तरी कावळा आला नाही.

मागीलदारच्या चिऱ्याच्या कट्ट्यावर केळीचं पान मांडलेलं होतं. भात, वरण, अळूचं फदफदं, दोन वडे, द्रोणात खीर. वाफ कधीच निवली होती. हरिश्चंद्रकाका सोवळं नेसून, हात जोडून, आंब्याच्या फांद्यांकडे बघत उभे होते. सकाळी पाऊस उघडला होता आणि आगरातली ओली जमीन तापून तिचा वास वर येत होता. एरवी या वेळी भाट्याच्या खाडीकडून कावळ्यांचा नुसता कालवा असायचा. आज पानसुद्धा वाजत नव्हतं.

"आई," काका म्हणाले, "तुझी नवमी मी सोडलेली नाही. पुढेही सोडणार नाही."

वडील गेले की अविधवा नवमी बंद करतात. भटजींनी हे त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. काकांनी ऐकलं नाही. एकोणपन्नास साली त्यांची आई, कमला, या मागीलदारच्या विहिरीत सापडली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. तेव्हापासून त्रेपन्न वर्षं, नोकरी चिपळुणात असली तरी, पितृपक्षातल्या नवमीला ते आदल्या संध्याकाळच्या एस्टीने या घरी यायचे.

"काय राहिलंय तुझं, सांग ना," काका हळूच म्हणाले. "खोलीचं म्हणत असशील तर तेही करतो आज."

पायरीवर यमुनाबाई बसल्या होत्या. काकांची थोरली वहिनी, आता एकाहत्तरीची. कमलाबाईंची सून आणि त्यांच्या सख्ख्या भावाची लेकही. या घराची तशी रीतच होती. आंजर्ल्याच्या एकाच घरातून मुलगी आणायची, आत्याने भाचीला सून करून घ्यायची. कमलाबाईंनी यमुनेला आणलं, यमुनाबाईंनी आपल्या भावाच्या वैदेहीला. "खोलीचं" हा शब्द कानावर आला तशी त्यांची बोटं कमरेच्या किल्लीवर गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात वैदेही आली. केस सुटलेले, पदर घामाने मानेला चिकटलेला. तीन आठवड्यांपासून ती रात्री दोन तास झोपली तर झोपली, असं चाललं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "विहिरीवर कोण हाक मारतंय गो मघापासून?"

विहिरीवर कुणी नव्हतं. रहाट कोरडा होता. दोर गुंडाळून वर टांगलेला होता.

काकांचे जोडलेले हात सुटले. हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. याच दारात, याच प्रहरी, दुसऱ्या बाईच्या तोंडून.

"आत चला सगळी," ते म्हणाले. "पानं वाढायच्या आधी काय ते ठरवून टाकू."

*

बसले सगळे मागच्या पडवीत. पडवीच्या टोकाला ती खोली होती. दाराला कडी, कडीला कुलूप. पूर्वी बायका महिन्याचे चार दिवस तिथे बाजूला बसायच्या. पुढे ते मोडलं आणि खोलीत केरसुण्या, नारळाची सोडणं, गळकी घमेली पडून राहिली. कुलपाचं कारण मात्र वेगळं होतं. दर दिवाळीला चुना लावला, तरी दर पावसाळ्यात भिंतीला ओल सुटायची आणि चुन्यातून काळ्या खुणा वर यायच्या. रेघा आणि ठिपके. ओळीच्या ओळी. घरातल्या गड्यांनी त्या एकदा पाहिल्या आणि नंतर कुणी आत जायला तयार होईना.

काकांनी पाटावर बसून खिशातलं कात्रण काढलं.

"हे मी राजाला पोस्टाने पाठवलं होतं. आता सगळ्यांपुढे वाचतो. अमेरिकेत हजारो बायकांना ह्याच जातीच्या गोळ्या दिल्या. छातीचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या. शेवटी तो अभ्यास मध्येच बंद करायला लागला. आणि आपण सूनबाईला तेच चारतोय, वर्षभर."

"वर्ष नाही, दहा महिने," वैदेही म्हणाली.

"दहा तर दहा. उपयोग झाला का? आत्ता काय म्हणालीस दारात उभं राहून?"

तिने सुटलेले केस मागे बांधले.

"मी डॉक्टरांच्या विरुद्ध नाही," काका म्हणाले. "पण ह्या घरात काय आहे ते डॉक्टरणीला माहीत नाही, मला माहीत आहे. ह्या घराच्या सुनेला चाळिशीच्या तोंडावर हाक येते. माझ्या आईला आली. आज सूनबाईला येते. एक गृहस्थ आहेत, खात्रीचे. दसऱ्यापर्यंत उतारे करायला सांगतात. तोवर तिने त्या खोलीत राहायचं, विहीर दिसायला नको. गोळ्या बंद. तिच्या शाळेला कळवून टाकू, दिवाळीनंतर शिकवायला येणं जमणार नाही."

"कोंडायचं म्हणा की सरळ," यमुनाबाई म्हणाल्या.

"वहिनी, कोंडायचं नाही. जपायचं."

"तुमचे वडीलही जपायचं असंच म्हणाले होते, भाऊजी."

योगिनी काकांच्या मदतीला आली. योगिनी ही यमुनाबाईंची लेक, चिपळूणला दिलेली. आज सवाष्ण म्हणून जेवायला तीच बसायची होती आणि तिच्या ओटीचा खण आत पाटावर तयार होता.

"आई, तू काकांवर चिडू नको. वहिनी मला काय परकी आहे? मामाची मुलगी माझी. पण परवा तिने काय केलं? देव्हाऱ्यात मिठाची बरणी आणि किल्ल्या तांदळाच्या डब्यात. आर्याच्या जीवाला काही झालं म्हणजे? मी म्हणते, आर्याला सहामाहीनंतर माझ्याकडे घेऊन जाते. शाळा आहे तिथेही. वहिनीला आराम."

"मी नाही जाणार," आर्या म्हणाली. तेरा वर्षांची होती. पडवीच्या खांबाला पाठ लावून मघापासून उभी होती.

"तू मोठ्यांत बोलू नको गो."

"माझ्याबद्दलच बोलताय ना?"

सगळे राजाभाऊंकडे बघायला लागले.

राजाभाऊ उंबऱ्यावर बसले होते, नखाने लाकडाचं ढलपं काढत. वैदेहीचा नवरा, यमुनाबाईंचा एकुलता मुलगा. शंभर हापूसची कलमं एकट्याने सांभाळणारा माणूस, पण काकांपुढे त्यांची जीभ लहानपणापासून टाळ्याला चिकटायची. आत्ता मात्र कारण वेगळं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे कलमांच्या फवारणीचं कपाट होतं, पुढच्या ओटीच्या कोपऱ्यातलं. विषारी औषधं म्हणून त्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. त्या कपाटात, गंधकाच्या पुड्यामागे, वैदेहीच्या गोळ्यांची पाकिटं होती. काकांचं कात्रण आलं त्याच संध्याकाळी त्यांनी ती तिथे ठेवली. छातीचा कॅन्सर हे शब्द वाचले आणि हात आपोआप गेला. तिला सांगायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळ्या शोधायला लागली, आणि शोधता शोधता म्हणाली, "मीच कुठेतरी ठेवल्या असणार, माझ्या डोक्याचा काय भरवसा." तेव्हा ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलणं त्याहून अवघड झालं. आज एकविसावा दिवस.

"राजा, तुझं काय म्हणणं?" काकांनी विचारलं.

"मी काय सांगू," राजाभाऊ म्हणाले.

वैदेहीने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती सरळ बसली. वर्गात उभी राहायची तशी, पाठ ताठ करून.

"मी सांगते. काका, गेल्या वर्षी मी हजेरी घेत होते. दर्शन नावाचा मुलगा आहे वर्गात, रोज पुढच्या बाकावर. त्याचं नाव कागदावर लिहिलेलं दिसत होतं, पण ते वाचायचं कसं, तेच आठवेना. अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. मग घाम फुटला, कानात धडधड. रडू यायला लागलं, कशाचं ते कळेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पाळी कधी थांबली? दोन वर्षं झाली होती. सदतिसाव्या वर्षी. मी कुणाला बोलले नव्हते."

काका दुसरीकडे बघायला लागले. असले शब्द या पडवीत पुरुषांदेखत कधी उच्चारले गेले नव्हते.

"ऐका काका, मला कोंडण्याआधी तरी ऐकून घ्या. त्या म्हणाल्या, पोटात जे बीजकोश असतात त्यांच्यातून इस्ट्रोजेन म्हणून एक हार्मोन रक्तात जातं. लोकांना वाटतं ते पाळीपुरतं, पोरांपुरतं. पण डोक्यालाही ते लागतं. झोप त्याच्यावर चालते, मन ताळ्यावर राहणं त्याच्यावर, शब्द वेळेवर जिभेवर येणं त्याच्यावर. सगळ्या बायकांचं ते पन्नाशीला हळूहळू कमी होतं आणि शरीर सवय करून घेतं. माझं बारा-तेरा वर्षं आधीच आटलं. तसंच ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका, आणि पुढे म्हातारपणी विसरभोळेपणाचाही. म्हणून पन्नाशीपर्यंत गोळी. मी त्यांना विचारलं, बाई, माझ्या अंगात काही शिरलंय का? त्या हसल्या. म्हणाल्या, शिरलेलं काहीच नाही, असायला हवं होतं ते निघून गेलंय. तेवढं परत भरायचं."

"आणि हे?" काकांनी कात्रण हलवलं.

"ते मी त्यांना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, त्या अभ्यासातल्या बायका साठी-पासष्टीच्या. ज्यांचं वेळेवर थांबलं त्यांना वरून दिलं होतं. माझी गोष्ट वेगळी आहे. वर्षाला तपासणी करायची आणि चालू ठेवायचं."

"मग चालू ठेवूनही हाक का येते?"

तिचा ताठ झालेला कणा वाकला.

"चालू नाहीयेत," ती म्हणाली. "हरवल्या. मीच कुठे ठेवल्या, आठवत नाही. सगळं घर पालथं घातलं. नव्या आणायला गेले तर दुकानापर्यंत जाऊन कशाला आले ते विसरले आणि कोथिंबीर घेऊन परत आले. दुसऱ्यांदा जायची लाज वाटली." ती आर्याकडे बघत म्हणाली, "काकांचं खरं असेल. गोळी घेऊन बरी होते, तीच गोळी जर मी हरवते, तर माझ्या हातात काय द्यायचं कुणी? द्या मला ती खोली. आर्याला तेवढं सांभाळा."

राजाभाऊंच्या नखाखालून रक्त आलं. ते उठले नाहीत.

*

यमुनाबाई उठल्या.

त्या पडवीतून चालत गेल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुनेसाठी खोली उघडायला चालल्यात. कुलूप कुरकुरलं. दार ढकललं तशी ओल्या चुन्याची आणि सोडणांची थंड हवा बाहेर आली. भर बाराची वेळ होती, पण आत झरोक्याएवढाच उजेड. समोरची भिंत मात्र स्पष्ट दिसत होती. यंदा पाऊस जोरात झाला होता आणि चुना हातभर पट्ट्यांनी गळून पडला होता. काळ्या खुणा अशा ठसठशीत वर आल्या होत्या, की काल काढल्या म्हणावं.

काका दारातच थबकले. "वहिनी, हात लावू नका त्यांना. आईचं आहे ते."

"तुमच्या आईचं आहे, म्हणूनच म्हणते, या आत," यमुनाबाई म्हणाल्या. "त्रेपन्न वर्षं भिऊन बाहेर उभे राहिलात. आज वाचा."

त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं.

"ह्या चार रेघा. बाजूला बसायचे दिवस. हे ठिपके, मधले दिवस. रोज केरसुणी ठेवायला आत यायच्या तेव्हा कोळशाने एक ठिपका. वरच्या ओळी बघा. बावीस ठिपके. मग सव्वीस. मग तेवीस. बाईचं शरीर असतं ते, घड्याळ नव्हे. आता इथून खाली बघा. आर्ये, तुझे डोळे चांगले. मोज."

आर्या पुढे आली. "चोवीस," ती म्हणाली. "चोवीस. चोवीस... आजी, सगळ्या चोवीसच आहेत."

"इतकं नेमकं कुठल्याच बाईचं येत नाही. मी ह्या खोलीत बसायला लागले तेव्हा सोळा वर्षांची होते. ही भिंत बघून बघून एक दिवस माझ्या ध्यानात आलं. आत्याबाईंचं पस्तिशीतच थांबलं होतं. आणि त्या खोट्या बसत होत्या. दिवस मोजून, दर महिन्याला, चार-चार दिवस. तेव्हा पस्तिशीत थांबलं म्हणजे बाई वाळली. घरात दुसरी आली असती. म्हणून सहा वर्षं त्यांनी हे नाटक केलं. झोप नाही, घामाने जीव जातोय, शब्द आठवत नाहीत, आणि वर हा हिशेब सांभाळायचा. एके दिवशी दुपारी दारात येऊन म्हणाल्या, विहिरीवर कोण हाक मारतंय गो? तेव्हा मामंजींनी सुतार बोलावला आणि ह्या खोलीला हे दार बसवलं. त्या दिवसापासून भिंतीवर रेघ नाही. मोजून दाखवायचं कुणाला? पुढे एका रात्री कडी घालायची राहिली, आणि सकाळी त्या विहिरीत सापडल्या."

काका भिंतीजवळ गेले. शेवटच्या ओळीत चार रेघा होत्या आणि त्यापुढे अकरा ठिपके. त्यांनी बोट उचललं, पण टेकवलं नाही.

"मी झरोक्यातून पेला द्यायचो," ते म्हणाले. "ती म्हणायची, हरी, मला काही झालं नाही रे. मला वाटायचं, हे तीच बोलतेय की..."

त्यांनी बोट मागे घेतलं.

"आणि ह्या?" योगिनीने शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथेही ओळी होत्या, वेगळ्या हाताच्या, बारीक.

"त्या माझ्या," यमुनाबाई म्हणाल्या.

मागे पावलं वाजली. राजाभाऊ आत आले होते.

"एकोणसत्तर साली. अडतिसाव्या वर्षी थांबलं. राजा तेरा वर्षांचा, तू पाच. मला वाटलं, सांगितलं तर दार लागणार. म्हणून मीही बसत होते. चोवीस आणि चार, चोवीस आणि चार. मला पण हाक यायची. माहेरच्या नावाने. यमूताई, यमूताई करून."

वैदेहीने आत्याचा दंड धरला. "मला वैदू म्हणून येते. तशी मला फक्त आंजर्ल्यालाच म्हणतात."

"हो ना गो. माहीत आहे मला."

"मग तुम्ही मला ह्या घरात आणलीतच का?" वैदेहीच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळे ते ऐकणं कठीण होतं.

"मला माझ्या माहेरचं माणूस हवं होतं. पंधरा वर्षं मी कुणाशी धड बोलले नव्हते. मला वाटलं, हे घराचंच आहे तर माझ्याबरोबर संपेल. आणि गेल्या वर्षी डॉक्टरणीने तुला विचारलं, माहेरी कुणाचं लवकर थांबलं होतं का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी शेजारी बसले होते. मी म्हणाले, नाही." यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "माझी धाकटी बहीण जनी, हर्णैला दिलेली. तिने ह्या घराचं पाणीसुद्धा प्यायलं नाही कधी. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तिने मला लिहिलेलं, न टाकलेलं पत्र सापडलं. तिचंही अडतिसाव्या वर्षी थांबलेलं, तिलाही झोप नाही, तीही समुद्रावर जाऊन उभी राहायची. ते पत्र वाचून मला कळलं, भाऊजी. ह्या घरात काही नाही. आम्ही ते आंजर्ल्याहून रक्तात घेऊन येतो, आणि तुम्ही दरवेळी तिथलीच मुलगी आणता. म्हणून तुम्हाला वाटतं घराला लागलंय."

बाहेर वाडीवर अजून कावळा नव्हता.

"आई," योगिनी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "जनीमावशीला अडतिसाव्या वर्षी, नाही? तुलाही."

"हो."

"मला अडतीस सरतंय." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "शिमग्यापासून नाही. मी घरी सांगितलं, प्रवासामुळे मागेपुढे होतंय. आज मुद्दाम सवाष्ण म्हणून आले. म्हटलं, मी ह्या घरची लेक, सून नाही. मला कसं होईल? वहिनीला ते असलं म्हणजे मला नसणार, असंच मनात होतं बघ." तिने वैदेहीकडे पाहिलं. "तुला कोंडायला मी हो म्हणाले."

"म्हणालीस खरी."

"मला घेऊन जाशील तुझ्या डॉक्टरणीकडे?"

वैदेही काही बोलायच्या आत राजाभाऊ वळून बाहेर गेले. ओटीवर किल्ली फिरल्याचा, मग कपाटाची फळी आपटल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर गोळ्यांची तीन पाकिटं होती. पाकिटांना गंधकाची पिवळी पूड लागली होती.

"तू हरवल्या नव्हत्यास," ते म्हणाले. "मी ठेवल्या होत्या. कात्रण वाचून भ्यालो. तू मरशील असं वाटलं मला."

वैदेहीने पाकिटं घेतली नाहीत. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, एखाद्या कठीण गणिताकडे बघावं तशी.

"एकवीस दिवस," ती म्हणाली. "मी देव्हारा शोधला. तांदळाचा डबा शोधला. कचऱ्याची बादली उपडी केली, तेव्हा तुम्ही बाजूला उभे होतात. म्हणालात, असू दे, सापडतील."

"हो."

"मला वाटत होतं, डोकं गेलं माझं. शब्द गेले ते मी सोसलं. झोप गेली ती सोसली. पण हे... आत्ता पडवीत मी माझ्या तोंडाने म्हटलं, मला कोंडा. तेव्हाही बसून राहिलात?"

राजाभाऊ भिंतीला टेकले, पण मागे रेघा आहेत हे ध्यानात येताच दचकून पुढे झाले.

मग वैदेहीने एक पाकीट उचललं, पदराला पुसलं, एक गोळी काढली आणि पाणी न घेताच गिळली. सगळ्यांदेखत.

"दार काढा," ती म्हणाली.

"काय?"

"ह्या खोलीचं दार. आत्ताच्या आत्ता. चौकटीसकट. उद्या माझी गोळी संपली, दुकान बंद असलं, चार दिवस उशीर झाला, तर तुम्हाला पुन्हा ह्या खोलीची आठवण होईल. दारच नसलं म्हणजे कोंडाल कुठे? बोलणं मागाहून. आधी दार."

राजाभाऊंनी काकांकडे पाहिलं. आयुष्यभराची सवय. काका खाली बघत होते.

"काढ," काका म्हणाले. "पहार आण. मीही लागतो."

*

दार बिजागरीतून सहज निघालं, लाकूड आतून वाळवीने पोकळच होतं. चौकट मात्र चिऱ्यात घट्ट बसवलेली होती. काका सहासष्टीचे, सोवळ्यात, घामाने थबथबलेले, तरी पहार त्यांनीच धरली. तिसऱ्या नेटाला चौकटीचा डावा खांब कडकडला आणि चुन्याच्या ढलप्यांसकट बाहेर आला. मागची वीतभर रुंद पट्टी उघडी पडली. चौपन्न-पंचावन्न वर्षं तिला उजेड लागला नव्हता.

आर्या सगळ्यांत जवळ होती.

"आजी," ती म्हणाली, "इथे पण आहेत."

यमुनाबाई वाकून बघायला लागल्या. चौकटीखालचा चुना जुना, पिवळट होता. त्यावर खुणा होत्या, अगदी खाली, जमिनीवर बसलेल्या बाईचा हात पोचेल इतक्या उंचीवर. कोळशाच्या नव्हेत. कशाने तरी खरवडलेल्या. बांगडीच्या तुकड्याने असतील.

"ह्या आत्याबाईंच्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "चौकट बसली तेव्हा ह्या आधीच होत्या. हा हात मी कधी पाहिलेला नाही."

आर्या गुडघ्यावर बसली आणि बोटाने मोजायला लागली. मोठ्याने नाही, पण तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते. पहिली ओळ संपली. दुसरी. तिसरीच्या शेवटी तिने मान वर केली.

"चोवीस," ती म्हणाली.

काकांच्या हातातून पहार खाली आली. आज सकाळीच त्यांनी पिंडावर तिळाचं पाणी सोडताना तीन नावं घेतली होती. आई, आजी, पणजी. दरवर्षी घेत होते. पहिलं नाव ते सावकाश घ्यायचे, पुढची दोन नुसती मंत्रासारखी तोंडातून जायची.

"गंगा," ते म्हणाले. "माझी आजी. आईची सासू. तिला कुणी पाहिलं नाही. ऐन चाळिशीत तापाने गेली म्हणून सांगायचे."

"कुठली होती?" वैदेहीने विचारलं.

उत्तर सगळ्यांना आधीच कळलं होतं.

"आंजर्ल्याची."

वैदेही लेकीजवळ खाली बसली. तिने आर्याचं बोट भिंतीवरून उचललं आणि आपल्या मुठीत घेतलं. त्या बोटाच्या टोकाला पिवळट चुना लागला होता.

"तू नाही मोजायचं," ती म्हणाली. "तुझ्या तारखा आपण वहीत लिहायच्या. उघड्यावर. काही चुकलं तर त्याच आठवड्यात मला सांगायचं. मी विसरले तर पुन्हा सांगायचं."

"तू विसरणार नाहीस," आर्या म्हणाली.

"विसरले तर."

मोकळ्या झालेल्या दारातून ऊन पहिल्यांदाच खोलीच्या आतपर्यंत आलं आणि सोडणांवर पडलं. यमुनाबाई पानं वाढायला म्हणून मागीलदारी वळल्या आणि पायरीवर थांबल्या.

कट्ट्यावरचं केळीचं पान अर्धं उलटलं होतं. भात उष्टावलेला होता. वडे दोन्ही नव्हते. खिरीच्या द्रोणाला चोच लागलेली दिसत होती. पण एवढी सगळी माणसं दहा पावलांवर असून पंखांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, कावळा कुणी पाहिला नव्हता, आणि आंब्याच्या फांद्या जशाच्या तशा स्तब्ध होत्या.

त्या आत गेल्या. सवाष्णीचं एक पान मांडायचं होतं, त्या जागी त्यांनी तीन मांडली. एक योगिनीला, एक वैदेहीला. तिसऱ्यावर त्यांनी गंगेच्या नावाने खण ठेवला, मीठ वाढलं, वरण-भात वाढला, आणि पाट रिकामा ठेवला.